झेनकुत्सु दाचीत मागची टाच उचलते. पाऊल नक्की कसं टाकायचं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वय ४३, नाशिक. मुलाला कराटेला सोडायला जायचे, दीड वर्षापूर्वी त्याच्याच बॅचमध्ये शेवटच्या ओळीत मीही उभी राहिले. शोतोकान ही कराटेची शैली शिकतो आम्ही. माझा ऑरेंज बेल्ट आहे, पुढचं ग्रेडिंग सहा-सात आठवड्यांवर आलंय आणि त्यात हेईआन शोदान काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच) दाखवायचा आहे. क्रम पाठ आहे. हात बरे जातात असं सेन्सेई (आमचे शिक्षक) म्हणतात. अडलंय ते पायांपाशी, झेनकुत्सु दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून आणि मागचा पाय सरळ ठेवून घ्यायच्या लांब पवित्र्यात.

होतं काय ते नीट सांगते. घरी गच्चीवर सराव करते. जिथे उभी राहते तिथे खडूने फुली मारते. २१ मोजण्यांचा काता संपला की फिरून त्या फुलीवरच यायला हवं. मी येते फुलीच्या चांगलं हातभर पुढे. एखाद दिवशी नाही, रोज. दुसरं म्हणजे ओई झुकी (पाऊल पुढे टाकत मारायचा ठोसा) मारताना मागची टाच उचलते. मला स्वतःला ती उचललेली कळतही नव्हती. मुलाने मोबाईलवर शूटिंग करून दाखवलं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आधी मी दुसऱ्या एका क्लासला जात होते. तिथले सर खांद्यांवर दोन्ही हात ठेवून खाली दाबायचे, "अजून खाली, अजून खाली". तीन महिन्यांत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं आणि मी तो क्लास सोडला. आताचे सेन्सेई तसं काही करत नाहीत, पण खोल बसायचं म्हटलं की मनात धाकधूक होतेच.

तर विचारायचं ते हे: टाच खाली राहावी म्हणून नेमकं काय करू? आणि ढांग किती लांब टाकायची हे कशावरून ठरवायचं?

काता_वेडा

ताई, खडूच्या फुलीवरून बरंच काही कळतंय. जरा हिशोब करू.

हेईआन शोदानमध्ये मधल्या रेषेवर जाताना तीन आगे उके (वरचा वार अडवणारे ब्लॉक) आहेत: उजवा, डावा, उजवा. परत येताना तीन ओई झुकी: पुन्हा उजवा, डावा, उजवा. म्हणजे तुमचा एकच पाय आखूड पडत असेल तर जाताना जेवढी कसर तेवढीच येतानाही पडेल, आणि तुम्ही फुलीवरच पोचाल. तुम्ही पुढे राहताय, म्हणजे परतीच्या तीन ढांगा जाण्याच्या ढांगांपेक्षा आखूड आहेत. नाहीतर वळणात गडबड आहे. वरच्या टोकाला कियाई (जोराची आरोळी) झाल्यावर २७० अंशांचं वळण घेऊन आपण बाजूला तोंड करतो ना, तिथे दोन पावलांमधली रुंदी चुकली तर ती चूक मधल्या रेषेच्या हिशोबात पुढे-मागे सरकल्यासारखी दिसते.

मुलाला खडू द्या. प्रत्येक पाऊल पडलं की अंगठ्यापुढे रेघ मारायला सांगा. मग जाण्याच्या रेघा आणि येण्याच्या रेघा मोजा.

तांबडी_माती

कोल्हापूरहून लिहितोय. लहानपणी तालमीत होतो, पुढे कराटेत आलो आणि गेली बरीच वर्षं पोरांना शिकवतोय. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे 'पवित्रा' हा शब्द आहे. आखाड्यात वस्ताद आधी पवित्रा शिकवायचे, डाव नंतर. पवित्रा म्हणजे उभं कसं राहायचं, आणि उभं असतानाच कुठल्या बाजूला सुटायची तयारी ठेवायची. कराटेतली 'दाची' अगदी तीच. तरीही शिकणारा ती फोटोसारखी शिकतो: गुडघा इथे, टाच तिथे, झालं. पण झेनकुत्सु ही एका पावलाच्या शेवटी येणारी जागा आहे. पाऊल चुकीचं आलं तर शेवटी कितीही सरळ केलं तरी ती लागत नाही.

आधी मापं सांगतो, कारण ताईंनी विचारलंय. लांबी साधारण दोन खांद्यांइतकी. रुंदी कमरेइतकी. वजन पुढे ६०, मागे ४०. पुढचा गुडघा अंगठ्याच्या मुळावर येईल असा. मागचं पाऊल जमेल तितकं पुढे वळलेलं, मागचा गुडघा सरळ पण कुलूप लावल्यासारखा ताठ नको. ही शोतोकानची मापं. दुसऱ्या शैलीत ढांग आखूड असते आणि ती त्यांच्या जागी बरोबर असते.

आता रुंदी. शंभरातल्या नव्वद जणांचं लक्ष लांबीवर असतं आणि बिघडते रुंदी. दोन्ही पावलं एका रेषेत येतात, दोरीवर चालल्यासारखी. मग तोल डगमगतो, तो सावरायला अंग नकळत मागच्या पायाच्या चवड्यावर जातं आणि टाच उचलते. घरातल्या फरशीवर याचा सोपा उपाय आहे. फरशीची एक लांब सांध पायांच्या बरोबर मध्ये घ्या. डावा पाय सांधेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि दहा पावलं जाईपर्यंत कुठलंही पाऊल सांध ओलांडता कामा नये. आमच्याकडची लहान पोरं ही सांध म्हणजे नदी आहे असं म्हणून करतात, चटकन येतं त्यांना.

पाऊल टाकताना मागचा पाय थेट पुढे फेकू नका. तो आधी टेकलेल्या पायाजवळ आत यावा आणि मग बाहेर जावा, कोयरीच्या पाठीसारखी हलकी वळणदार वाट. तळवा फरशीपासून कागदाइतकाच वर. डोकं वर-खाली होऊ द्यायचं नाही. ज्याचं डोकं मध्येच वर येतं तो पायात पाय येताना उभा राहतोय, आणि मग वरून खाली आदळतो. गुडघे तिथेच दुखावतात.

आता टाच. नीट वाचा, कारण 'टाच खाली ठेवा' एवढंच सांगून काही होत नाही. टाच ही पावलाच्या शेवटी खाली *दाबायची* असते. पुढचं पाऊल टेकलं की मागचा पाय जमिनीला मागे ढकलतो. ते ढकलणं टाचेतून मांडीच्या मागून कमरेत येतं, कंबर फिरते आणि शेवटी हात पोचतो. हात आधी पोचला तर मागच्या पायाला ढकलायला काही कामच उरत नाही. तो नुसता ओढला जातो. ओढल्या गेलेल्या पायाची टाच उचलणारच.

पारखायचं असेल तर असं करा. ओई झुकीत थांबा. मुलाला तुमच्या मुठीवर उशी धरून हळूहळू दाबायला सांगा. धक्का नको, वाढता दाब. डोळे मिटा आणि दाब अंगात कुठपर्यंत जातोय ते पाहा. खांद्यात अडकला तर खांदा वर आहे. कंबर मागे गेली तर कंबर सैल आहे. दाब थेट मागच्या टाचेखाली जाणवला तर दाची लागली. आमच्याकडे पहिल्यांदा हे जमलं की पोरं स्वतःच मागे वळून टाचेकडे बघतात. तो चेहरा बघायला मी अजून शिकवतोय.

दोन_पोरांचा_बाप

तांबडी_माती सर, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

थोडं अवांतर: माझा मोठा मुलगा १२ वर्षांचा आहे, ठाण्यात शिकतो. गुडघ्याच्या वाटीखाली पुढे हाडाला उंचवटा आलाय आणि किबा दाचीत (घोड्यावर बसल्यासारख्या रुंद पवित्र्यात) बसलं की दुखतं म्हणतो. सर म्हणतात सवयीने जाईल. थांबवू की चालू ठेवू?

सांधा_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट, पुणे.

आधी ठाण्याच्या बाबांना. वाढीच्या वयातल्या, खूप धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये त्या जागी दुखणं आणि उंचवटा येणं पुष्कळदा दिसतं. तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या हाडाला ओढत असतो आणि हाड अजून पक्कं झालेलं नसतं. पण इथे बसून निदान करता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवा. तोवर खोल बैठका, बेडूकउड्या आणि गुडघे टेकून बसणं थांबवा. उभ्याने हातांची तंत्रं आणि काताचा क्रम चालू ठेवता येईल, म्हणजे मुलाचं मनही मोडणार नाही. दुखत असताना "सवयीने जाईल" हे माझ्या मते चूक आहे.

आता गोदाकाठ ताई. कुणीही खांदे दाबून खाली बसवू नये. घोटा आणि कंबर जिथवर जातात तिथेच शरीर थांबतं. त्याखाली ढकललं तर उरलेला ताण गुडघा घेतो, कारण मध्ये तोच सापडतो. तुमची भीती योग्य होती आणि क्लास सोडला तेही योग्य केलंत.

टाचेबद्दल तांबडी_माती यांनी तंत्र सांगितलं. मी त्यात एक शंका घालते: तुमचा घोटा पुरेसा वाकतो का? घरी पाहता येईल. अनवाणी भिंतीसमोर उभ्या राहा. एक पाऊल भिंतीकडे सरळ, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा, टाच जमिनीवरच. जमलं तर पाऊल थोडं मागे घ्या आणि पुन्हा. टाच न उचलता गुडघा टेकतो अशी सगळ्यात लांबची जागा शोधा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. १० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. दोन्ही पायांचं मोजा. मला अंतरापेक्षा दोन पायांतला फरक जास्त सांगतो.

आणखी एक. ही चाचणी गुडघा वाकवून होते. झेनकुत्सुत मागचा गुडघा जवळजवळ सरळ असतो. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा सरळ झाला की तो ताणला जातो आणि घोट्याला अडवतो. म्हणून पोटरी दोन्ही प्रकारे ताणायची: एकदा मागचा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. भिंतीला हात, तीस सेकंद, दोन-तीन वेळा, रोज. सोबत पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळू वर आणि त्याहून हळू खाली. नुसतं ताणून लवचीकता येते पण टिकत नाही, तिला ताकदीची जोड लागते.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या जांघेचा पुढचा भागही आखडतो. मग मागचा पाय मागे जाताना कंबर पोकळ होते आणि पोट पुढे येतं. तेही शूटिंगमध्ये बाजूने पाहा.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लगेच भिंतीपाशी पट्टी घेऊन बसले.

डावा पाय ११ सेंमी. उजवा पाय ६.

मला धक्काच बसला. मग आठवलं, आठ वर्षांपूर्वी पावसात स्कूटर घसरून उजवा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, चालायला लागले आणि विसरले. त्यानंतर कधीच कुणी घोटा वाकवून पाहिला नाही, मीही नाही.

मग शूटिंग पुन्हा लावलं. मागे उजवा पाय असतो तेव्हाच टाच ठळक उचलते. म्हणजे पहिल्याच डाव्या गेदान बाराईला (खालचा वार अडवणाऱ्या ब्लॉकला) आणि मधल्या डाव्या ओई झुकीला. मागे डावा असतो तेव्हा जवळजवळ खालीच राहते. इतके दिवस मला वाटत होतं की मी पूर्णच चुकतेय.

मांडवीकाठ

पणजीहून. मी गोजू-र्यू ही कराटेची दुसरी शैली करतो, त्यामुळे तुमच्या लांब झेनकुत्सुवर अधिकाराने बोलणार नाही. पण आमच्याकडची सानचिन दाची करून पाहा, पायाला जमीन कळायला लागते.

पावलं खांद्याइतकी रुंद. पुढच्या पावलाची टाच आणि मागच्या पावलाची बोटं एका आडव्या रेषेत. बोटं जराशी आत, गुडघे किंचित वाकलेले, वजन दोन्हींवर सारखं. ढांग इतकी छोटी की घोटा आड येतच नाही. मग लक्ष द्यायचं ते तळव्यावर: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही सारखी टेकलेली. पुढे सरकताना पाय आत येऊन अर्धचंद्रासारखा बाहेर जातो, आणि टेकल्यावर मागून कुणी खांद्याला, मांडीला हात लावून पाहतो की ढिलं कुठे आहे. आमच्या शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांच्या परंपरेत सगळा पाया यावरच घालतात. मी पहिली दोन वर्षं याचा कंटाळा केला. आता घरच्या ओसरीवर रोज सकाळी दहा मिनिटं सानचिनची पावलं टाकतो आणि दिवसभर पाय हलके राहतात.

वळणाचं मात्र आमच्याकडे वेगळं आहे. तुम्ही लोक टाचेवर फिरता की चवड्यावर?

तांबडी_माती

आम्ही टाचेवर. टाचेवर फिरलं की कंबर आपल्या जागेवर राहते आणि मागच्या पायाशी जोड सुटत नाही.

मांडवीकाठ

आम्हाला चवड्यावर शिकवलं. टाचेवर वजन गेलं की तोल मागे जातो आणि समोरच्याला तेवढा क्षण पुरतो असं आमचे सेन्सेई सांगायचे.

सांधा_सांभाळा

दोन्हीकडे एक काळजी घ्या: वजन पूर्ण टाकून मग फिरू नका. स्पर्धेच्या रबरी मॅटवर अनवाणी पाऊल चिकटतं. वरचं अंग फिरतं, पाऊल फिरत नाही, आणि पीळ गुडघ्यात बसतो. आधी वजन क्षणभर हलकं करा, पाऊल फिरवा, मग टेका.

काता_वेडा

ग्रेडिंगसाठी ताईंनी आपल्या सेन्सेईंना विचारून तेच करावं. शैली मिसळल्या की परीक्षकाला ते लगेच दिसतं.

बाकी फुलीचा हिशोब अजून सुटलेला नाही. उजवा घोटा आखडलेला असेल तर तो जाताना आणि येताना दोन्हीकडे आखडलेलाच असणार. रेघा मारल्या का?

योकोहामा_कट्टा

मूळ सांगलीचा, कामानिमित्त जपानमध्ये. इथे सुट्टीत ओकिनावाला जाऊन आलो. तोमिगुसुकुला २०१७ साली कराटे काइकान उभं राहिलं आहे, डोजो (सरावाची जागा) आणि संग्रहालय एकत्र. कराटे शिकणाऱ्या मराठी माणसाने आयुष्यात एकदा तरी जावं असं ठिकाण.

खोलीच्या भीतीबद्दल लिहावंसं वाटलं. शोतोकानचे फुनाकोशी गिचिन (जन्म १८६८, ओकिनावातलं शुरी) १९२२ मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला आले आणि तिथेच राहिले. त्यांचे त्या काळातले फोटो पाहा. उभे राहणं उंच आहे, ढांगा बेताच्या. आज आपण शोतोकान म्हणून जो लांब आणि खोल पवित्रा ओळखतो तो पुढे आला, आणि त्यात त्यांचे पुत्र योशिताका यांचा मोठा हात मानतात. योशिताका १९४५ मध्ये वारले. म्हणजे खोली हा कराटेचा अनादी नियम नाही, एका पिढीने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याचे फायदे आहेत, पाय मजबूत होतात, कंबर उघडते. पण ४३ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्या माणसाने थोडं उंच उभं राहून नीट पाऊल टाकलं तर तो परंपरेच्या बाहेर जात नाही. फुनाकोशींनी शिष्यांना दिलेल्या वीस सूत्रांत एक असंही आहे की ठरीव पवित्रे नवशिक्यांसाठी, पुढे नैसर्गिक उभं राहणं.

पण याच माणसाने सुरुवातीला किती घोटवलं तेही पाहा. तीन तेक्की काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. तेक्की म्हणजे सगळाच्या सगळा किबा दाचीत, डावी-उजवीकडे. त्यांच्या तरुणपणची एक हकीकत सांगतात: वादळात ते घराच्या छपरावर चढले, हातात तातामीची चटई धरली आणि अश्वारूढ पवित्र्यात वाऱ्याला तोंड देत उभे राहिले. वाऱ्याने पाडलं की चिखलातून उठून पुन्हा वर. मी इथे एकदा तायफूनमध्ये छत्री धरून चाललोय. त्या वाऱ्यात चटई धरून उभं राहायला पाय कसे लागतील याची कल्पना आली.

कोवळा_ब्राऊन_बेल्ट

मी १७ वर्षांचा आहे, स्पर्धा खेळतो. कातामध्ये पंच तांत्रिक बाजू बघतात तेव्हा स्टान्सही बघतात, आणि एका स्टान्समधून दुसऱ्यात जाणंही बघतात. टोकियो ऑलिंपिकला (२०२१ मध्ये झालं ते) र्यो कियुनाने सुवर्ण घेतलं त्याचा व्हिडिओ मी फक्त पाय बघायला आवाज बंद करून कितीतरी वेळा पाहिला आहे. पाऊल टेकल्यावर ते पुन्हा जागा शोधत नाही. माझं शोधतं. टेकतो आणि मग दोन सेंटिमीटर सरकवून नीट करतो. सर म्हणतात तेच सगळ्यात आधी दिसतं.

ताई, हेईआन शोदानच्या शेवटच्या चार शुतो उकेमध्ये (तळहाताच्या कडेने करायचे ब्लॉक) कोकुत्सु दाची, म्हणजे मागच्या पायावर भार देणारा पवित्रा आहे, तिकडेही बघा. वजन ७० टक्के मागे. मागचा गुडघा आत पडतो आणि बूड बाहेर येतं, हे माझं दोन वर्षं चाललं होतं. गुडघा मागच्या पावलाच्या बोटांच्या दिशेला ढकलत ठेवला तेव्हा सुटलं.

तांबडी_माती

शाब्बास पोरा. 'टेकल्यावर जागा शोधत नाही' हे वाक्य मी उद्या क्लासमध्ये सांगणार.

गोदाकाठ

रविवारी रेघा मारल्या. माझा मुलगा ऊन चढेपर्यंत खडू घेऊन गच्चीवर ओणवा बसला होता, त्याचं कौतुक आधी करते.

जातानाच्या तीन ढांगा जवळजवळ सारख्या निघाल्या. येतानाच्या तिन्ही चार-चार बोटं आखूड. वळणाची रुंदी ठीक आहे, थोडी कमी-जास्त.

काता_वेडा, तुमचं बरोबर निघालं, पण आखूड का ते कळेना. मग मुलगाच म्हणाला, "आई, जाताना तू ब्लॉक करतेस तेव्हा हळू जातेस. येताना पंच मारायची घाई करतेस. तुझा हात आधी जातो आणि पाय नंतर पोचतो." दहा वर्षांचा आहे. मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. तिसऱ्या ओई झुकीला माझी मूठ पूर्ण बाहेर आहे आणि पुढचं पाऊल अजून हवेत आहे. पाऊल मग जिथे असेल तिथेच खाली पडतं, म्हणून आखूड.

तांबडी_माती सर, तुम्ही लिहिलं होतं 'हात आधी पोचला तर मागच्या पायाला काम उरत नाही'. मी ते टाचेबद्दल वाचलं होतं. ढांगही त्यानेच आखूड होते हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

तांबडी_माती

ताई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. हे बघायला शिकवणाऱ्यांनाही वर्षं लागतात.

आता दोन आठवडे हेईआन शोदान हातांशिवाय करा. दोन्ही मुठी कमरेला, फक्त पाय. मग हात जोडा, पण सावकाश, आणि तोंडाने 'पाय… हात' असं म्हणत. पाऊल टेकलं, 'पाय'. टाच दाबली, कंबर फिरली, मूठ पोचली, 'हात'. हे दोन शब्द हळूहळू जवळ आणायचे. वेगात ते एकाच वेळी झाल्यासारखे दिसतात, पण आत क्रम तोच राहिला पाहिजे.

आणि उजवा पाय मागे असेल तेव्हा ढांग वीतभर कमी घ्या, असं मी माझ्या विद्यार्थिनीला सांगितलं असतं. टाच खाली ठेवून आखूड उभं राहा. घोटा जसा सुटेल तशी लांबी वाढवा. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडचीही तेवढीच कमी करा. आधी सेन्सेईंच्या कानावर घाला.

सांधा_सांभाळा

सहमत. जुनी मुरगळ असल्यामुळे एकदा घोटा प्रत्यक्ष तपासून घ्या. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचा सरावही सुरू करा, आधी डोळे उघडे, मग मिटून. भिंत हाताशी असू द्या. मुरगळलेल्या घोट्याची जागेची जाणीव मंदावते, तुम्हाला टाच उचललेली कळत नव्हती त्यामागे तेही असू शकतं.

दोन_पोरांचा_बाप

मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. वाढीच्या वयाचंच आहे म्हणाले, काही आठवडे उड्या आणि खोल बैठका बंद. सरांशी बोललो, त्यांनीही ऐकून घेतलं. आता तो ओळीत उंच उभा राहून काता करतो. धन्यवाद डॉक्टर.

गोदाकाठ

सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.

घोटा दाखवला. सांध्याला काही इजा नाही, आखडलेला आहे एवढंच. पोटरी रोज ताणते, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभी राहते. उजवा पाय ६ वरून ८.५ वर आलाय. सेन्सेईंना सगळं सांगितलं, त्यांनी स्वतः माझ्या मागे बसून टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला आणि प्रत्येक ओई झुकीनंतर ओढून पाहिला. पहिल्या दिवशी दहापैकी सात वेळा तुकडा निघून आला. परवा दोन वेळा.

एक गोष्ट मला कुणी सांगूनही कळली नसती. हातांशिवाय काता करताना दहाव्या-बाराव्या दिवशी पाऊल टेकल्यावर मागच्या मांडीतून काहीतरी वर आलं आणि कंबर आपोआप फिरली. मी फिरवली नव्हती. थांबले, पुन्हा तेच पाऊल टाकलं, आलं नाही. संध्याकाळी परत आलं. आता पाचातून एकदा येतं. त्या एकासाठी बाकीची चार टाकते.

ग्रेडिंग काल झालं. बेल्ट मिळाला. परीक्षकांनी शेरा लिहिलाय, 'परतीच्या ढांगा सुधारल्या, शुतोमध्ये मागचा गुडघा पाहावा'. ब्राऊन बेल्टवाल्या दादाने सांगितलेलंच.

आज सकाळी गच्चीवर पुन्हा फुली मारली. यामे (थांबा) झाल्यावर खाली पाहिलं, डाव्या पायाचा अंगठा फुलीच्या एका रेघेवर होता. मुलाने त्याच्याभोवती खडूने गोल काढून ठेवलाय. आज गच्ची धुवायची नाही असं त्याने आजीला बजावलंय.